बिल मिळाल्याची सही

धुळ्याबाहेर, जिथं सिटी बस वळसा घालून रिकामी परत फिरते
तिथं गट नंबर दोनशे चौदा.
चौऱ्याऐंशी घरं, एक निंब, तीन खांब.
मी तिथं महापालिकेची बिलं वाटतो.
मी तिथंच राहतो.

घरपट्टी, पाणीपट्टी, सफाई,
वृक्षकर, म्हणजे तो निंब चौऱ्याऐंशी जणांत वाटून,
आणि दिवाबत्ती.
इथं आला की हुसेन तडवी दरसाल थांबतो, चष्मा कपाळावर चढवतो :
“दिवा नही, बत्ती नही, मंग कर कसाना?”
मी म्हणतो, सही करा.
तो करतो. उर्दूत, सावकाश, शेवटचा नुक्ता दाबून.

ग्रामपंचायत मिटली त्याला पाच वर्षं झाली.
सरपंचाची खुर्ची अंगणवाडीत गेली,
पोरं तिच्यावर उभी राहून भिंतीवर बस काढतात.
गावाच्या यादीतून आमची नावं उतरवली
कारण आम्ही शहर झालो.
शहराच्या यादीत चढवली नाहीत
कारण वॉर्डाची रेघ अजून निघालेली नाही.
आमदाराला आमचं मत चालतं, खासदारालाही,
नळाची चावी फिरवणाऱ्याला तेवढं चालत नाही.
बिल मात्र पहिल्याच चैत्रात पोचलं.
बिलाला रस्ता लागत नाही.
मी लागतो.

बैसाणेसाहेबांच्या टेबलावर काचेखाली नकाशा आहे.
“तुम्ही ना, इथं,” म्हणत ते बोट ठेवतात.
तिथं चहाच्या कपाचा गोल उमटलाय.
रेघ त्या गोलापर्यंत येते
आणि संकोचल्यासारखी थांबते.

तसा मी राजधानीतला.
जन्म थाळनेरचा. तिथं सुलतान राहून गेले,
त्यांच्या कबरींच्या सावलीत आम्ही शेळ्या बांधायचो.
त्यांनीही घेतलं असेलच, दाण्यातलं, सुतातलं, तापीच्या उतारातलं.
पण मत तेव्हा कुणी विचारत नव्हतं
आणि विचारतो असं म्हणतही नव्हतं.

निवडणुकीच्या दिवशी झेलाबाई अहिरे
लग्नातलं पातळ नेसून शाळेत गेली.
सोबत सायकलच्या स्पोकमध्ये ओवलेल्या पावत्या,
पंचायतीच्या पिवळ्या खाली, महापालिकेच्या गुलाबी वर.
खोलीतला पोरगा भला होता, उठून उभा राहिला.
“आजी, ही पावती झाली. यादीत नाव लागतं.”
“नाव शे ना. हाई देख. तुम्हीच लिखेल शे.”
त्यानं खरंच पाहिलं. एकेक पावती उलटून,
मागं रांग वाढत असताना.
मग पाणी दिलं तिला.
ती ते पिऊन आली.
पावत्या पुन्हा खिळ्याला. पातळ पुन्हा पेटीत.

त्या दिवशी मी दुसऱ्याच वॉर्डात
मतदारांना चिठ्ठ्या वाटत होतो. रोजंदारीवर.
लोक नाव बघून आधी हसत, मग नाक मुरडत,
इंग्रजी स्पेलिंग चुकलंय म्हणत.
मला वाटलं, चुकू द्या की.

संध्याकाळी पांझरेच्या पुलाजवळ चहावाल्यानं
माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं.
पहिल्या बोटावर जांभळा डाग होता, स्टँप पॅडचा,
आठवडाभर मुरलेला.
“झालं वाटतं मतदान?”
मी म्हटलं, झालं.
त्यानं कटिंगचे पैसे घेतले नाहीत.
आज मतदारांना फुकट, म्हणाला.

तो चहा मी प्यालो.
हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

रात्री घरी गठ्ठ्यात शेवटचं बिल उरलं, माझंच.
मागच्या सालची शास्ती धरून अठराशे बेचाळीस.
दार वाजवायचा प्रश्न नव्हता.
बायको म्हणाली, आधी जेवून घ्या.
मी बॅटरीच्या उजेडात ‘देणार’पुढं सही केली,
मग ‘घेणार’पुढं.
दोन्ही सह्या जुळत नव्हत्या.